दृष्टीचं मीठ

त्या संध्याकाळी चुलीत टाकलेलं मीठ तडतडलं नाही. मोहरी तडतडली, मिरच्यांचा ठसका घरभर गेला, पण मीठ गप्प राहिलं. हंसा माजघरात सुपात तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात तिथल्या तिथे थांबला. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं नसतं. वसईजवळच्या उमेळ्याच्या या घरात मिठाचा आवाज ओळखणारं तिच्याशिवाय होतं कोण? केळीच्या वाडीत जन्म काढलेली माणसं ती. मीठ म्हणजे त्यांना वाण्याकडून पुड्यात येणारी एक वस्तू. हंसा नायगावच्या मिठागरावर वाढली होती. तिचा बाप शंकर संध्याकाळी बांधावर पालापाचोळ्याचा जाळ करायचा आणि पोरांची करमणूक म्हणून मूठभर खडे त्यात भिरकावायचा. ओलं मीठ आधी चरचरतं आणि मग फुटतं, वाळलेलं एकदम फटाफट उडतं आणि उघड्या पायांवर येऊन चटका देतं. पोरं किंचाळत मागे सरायची, बाप हसायचा. मीठ विस्तवात पडलं आणि गप्प बसलं, असं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ते पडलंच नसेल तर गोष्ट वेगळी. आतून सासूचा आवाज आला, समाधानाचा, तूप खाल्ल्यासारखा. दृष्ट उतरत आली म्हणे, आता आवाजसुद्धा येत नाही. रखमाबाईचं हे वाक्य हंसाने ऐकलं आणि सुपातला एक चांगला तांदूळ खडा समजून बाहेर फेकला.

हंसाच्या पोरीची, मालनची, दृष्ट रोज काढायची, हा या घरातला एकमेव तह होता. बाकी सगळीकडे लढाई. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून पोरीला घरी आणलं त्या दिवशी हंसाने मिठाची बरणी उचलली, माजघरातल्या आपल्या लोखंडी ट्रंकेत ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. पोरीला मीठ नाही, म्हणजे घरात कुणालाच मीठ नाही. डोळ्यांसमोर असलं की कुणाचा तरी हात जातो. रखमाबाईने हे सगळं बघितलं. मग म्हणाली की बाकी काय खायचं ते खाऊ, पण दृष्टीला मीठ लागतं, दृष्ट अळणी निघत नाही. हंसाला हे नाकारता आलं नाही. देवाधर्मावर तिचा विश्वास होता म्हणून नव्हे, तर उद्या पोरीला काही झालं तर सासूच्या हाती कारण नको म्हणून. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती ट्रंक उघडायची आणि मूठभर खडे काढून उंबऱ्याशी पाटावर ठेवायची. रखमाबाई ते पाटावरून उचलायची. मीठ हातावर द्यायचं नाही, हातावर दिलं की भांडण लागतं, हे दोघींनाही आपापल्या आईने शिकवलेलं. दोघींनीही ते इतकं काटेकोर पाळलं की बघणाऱ्याला हसू यावं. भांडणाला आणखी जागा राहिली होती कुठे? पण मीठ मात्र पाटावर. मग म्हातारी स्वयंपाकघरात मालनला चुलीसमोर बसवायची, मूठ तिच्यावरून उतरवायची आणि पुटपुटायची, आल्यागेल्याची, भुताखेताची, दारच्याची, घरच्याची. ‘घरच्याची’ हा शब्द ती जरा मोठ्याने म्हणते, असं हंसाला वाटायचं. वाटायचं कशाला, म्हणतच होती.

हंसाला या घरात आल्यापासून जे म्हणून खुपलं होतं ते सगळं खारट होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने केलेली आमटी रखमाबाईने पानाच्या कडेला सारली आणि शेजारच्या एमिलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, मिठागरची पोर आहे, तिचे हातच खारट. एमिली कुंपणापलीकडून हसली होती. ते हसणं बिचारीचं सवयीचं, ती कुणालाही हसायची. पण हंसाने ते मनात बांधून ठेवलं. ती ‘पानी’ म्हणायची तेव्हा नणंदा एकमेकींकडे बघायच्या. तिने ‘पाणी’ म्हणायला शिकून घेतलं, जीभ वळवून वळवून, एखाद्या नोकरीसाठी शिकावं तसं. पुढे वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं. आजूबाजूच्या वाड्या मोडून इमारती उठत होत्या, टँकरवाले दिवसरात्र पंप लावून पाणी उपसत होते, खाडी जमिनीखालून आत सरकत होती, हे सगळं गाव बोलत होतं. रखमाबाईला मात्र कारण सापडलेलं होतं. मिठागरची सून आली आणि विहीर खारी झाली. एवढं बोलून ती थांबायची नाही. विहिरीवर जायची, ओंजळीत पाणी घेऊन चाखायची, थुंकायची आणि हंसाकडे बघायची. केळीची पानं कडेने करपत होती, आणि त्या करपण्याचा दोष एक बाई दुसऱ्या बाईला मुकाट्याने देत होती. भालचंद्र, हंसाचा नवरा, टेलिफोन खात्यात होता. दिवसभर लोकांच्या तारा जोडायचा आणि घरी येऊन एकही जोडायचा नाही. तो म्हणायचा, तुम्हा बायकांचं मला कळत नाही. कळत सगळं होतं त्याला.

त्यात मालन. नाव सासूने ठेवलं, बारशाला कुणाला न विचारता. रखमाबाईची पहिली मुलगी मालन होती, ती सहाव्या वर्षी गेली, अंगाने निळी पडून. मेलेल्या पोरीचं नाव माझ्या पोरीला कशाला, असं हंसा नवऱ्याला म्हणाली होती, आणि तो म्हणाला होता की आईला बरं वाटतं. आईला बरं वाटलं. आणि वर्षाच्या आत पोरीची नखं निळसर दिसायला लागली, दूध पिताना धाप लागायला लागली. रांगता रांगता मध्येच ती उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. हृदयाला भोक आहे, निळं रक्त तांबड्यात मिसळतं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हंसाला ते पटलं, तिने मान हलवली. पण आत कुठेतरी तिचा हिशेब ठरलेला होता. नावाबरोबर हृदयपण त्या म्हातारीनेच दिलं. तिच्या मनात हे वाक्य इतक्या वेळा फिरलं होतं की त्याचे कोपरे झिजून ते गुळगुळीत झालं होतं, आणि कुठेही, कपडे वाळत घालतानासुद्धा, ते अलगद तोंडात यायचं.

मालन पाचेक वर्षांची झाली तेव्हा ऑपरेशन झालं. पोरीच्या छातीवर गळ्यापासून बेंबीच्या वरपर्यंत एक शिवण आली. शुद्धीवर आल्यावर ती कण्हत होती, तिच्या पापण्या सुजल्या होत्या, पावलं फुगली होती. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मग लघवीची गोळी सुरू झाली आणि तो फुगवटा ओसरला. घरी सोडताना तरुण डॉक्टरने सगळं नीट सांगितलं. मीठ कमी द्यायचं, स्वयंपाकात चिमूटभर, वरून नाही, पापड-लोणचं-सुकी मासळी नाही. उन्हाळा येतोय, गोळी चालू आहे, पोरगी गळून गेली, उलट्या झाल्या, झोपून राहायला लागली तर वाट बघू नका. हंसाने सगळं ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द. तिला पुढे कुणी म्हणालं असतं की तुझ्या ऐकण्यात चूक झाली, तर ते खोटं ठरलं असतं. चिमूटभर हे तिने ऐकलं होतं. पण घरी येऊन चुलीपुढे उभी राहिल्यावर तिला वाटलं, जे पोरीच्या अंगात पाणी साठवतं, जे तिच्या हृदयावर ओझं टाकतं, ते चिमूटभर तरी का द्यायचं? विष थोडं घातलं तर चालतं का? आणि आणखीही एक गोष्ट होती, जी ती स्वतःलासुद्धा उजेडात दाखवत नव्हती. इतकी वर्षं तिला मिठावरून बोलणारी ती बाई आता अळणी भात गिळत होती. एकेक घास घोळवत, तोंड वाकडं करत. आणि समोर बसून हंसा विचारायची, आमटी बरी झाली आहे ना, आत्याबाई? खारट नाही ना झाली?

मालन सुधारली, हे तर खरंच. नखं गुलाबी झाली. एप्रिलमध्ये ती वाडीत केळीच्या बुंध्यांमधून पळायला लागली, पहिल्यांदा, जन्मात पहिल्यांदा. आणि पळून आल्यावर उकिडवी बसली नाही. हंसाने ते ओटीवरून पाहिलं आणि तिला रडू आलं. ते तिने पदराने पुसलं, कारण म्हातारी बघत होती. माझ्या हाताचं यश, असं तिला वाटलं. तिने तर विहिरीचं पाणीसुद्धा पोरीला बंद केलं होतं. मचूळ म्हणजे मिठाचंच. एमिलीच्या विहिरीचं अजून गोड होतं, तिथून ती रोज कळशी आणून उकळून ठेवायची, त्याच कळशीतलं पाणी मालनला पाजायची. एमिली एकदा म्हणाली होती, ‘एवढं कडक नको गो करू, पोर हाय ती.’ हंसाने कळशी उचलली आणि चालू लागली. डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणजे काय, ते या लोकांना काय कळणार? आणि आता हे, गप्प बसलेलं मीठ.

दुसऱ्या दिवशी तिने पाटावर खडे ठेवले, नेहमीपेक्षा मोठे, निवडून. मग माजघरात गेल्यासारखं केलं आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. फटीतून चुलीचा उजेड तिच्या डोळ्यावर येत होता. आतमध्ये मालन चुलीसमोर मांडी घालून बसली होती, एखाद्या नैवेद्याला बसावं तशी, पाठ ताठ करून. रखमाबाईची मूठ तिच्यावरून फिरली, दारच्याची, घरच्याची. मग मूठ खाली आली. पण चुलीकडे गेली नाही. म्हातारीने डाव्या तळव्यावर मीठ वेगळं काढलं, आपला अंगठा जिभेला लावून ओला केला, मिठात दाबला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला. मालनने तो चोखला, डोळे मिटून. पुन्हा अंगठा, पुन्हा चोखणं. एक खडा गालात ठेवला, तो दातांखाली कडकन्‌ फुटल्याचा आवाज हंसाला दाराआड ऐकू आला. विस्तवात जो आवाज यायला हवा होता तो पोरीच्या तोंडातून आला. दोघी हसल्या. त्यांचं हसणं सरावाचं होतं, आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं. मग उरलेली मोहरी-मिरची चुलीत गेली. ‘आईला नाय सांगायचं,’ म्हातारी म्हणाली, ‘आपलं गुपित.’

त्यानंतर आपण नेमकं काय केलं, ते हंसाला पुढे तुकड्यांतुकड्यांनीच आठवलं. मालनला खेचून उठवलं, तेव्हा तिच्या दंडाचं हाड किती बारीक लागलं ते आठवलं. तिच्या तोंडात बोट घालून खडा काढला, आणि पोर चावली. आपल्या तोंडून जी भाषा बाहेर पडली ती आठवली. सगळी शिकलेली जीभ गळून पडली आणि मिठागरच्या बांधावरची बाई बाहेर आली. ‘किती दिसांपासून? पोरीला मारायचं हाय तुमाला? एक मालन खाल्ली ती पुरली नाय?’ हे वाक्य गेल्यावर स्वयंपाकघरात काहीच उरलं नाही. चुलीतली एक मिरची उशिरा पेटली आणि तिघींना ठसका लागला. रखमाबाई खोकत राहिली. तिचा अंगठा तसाच वर होता, ओला. भालचंद्र आला, त्याने दोघींकडे बघितलं, आणि विचारायचं म्हणून विचारलं की काय झालं. त्या दिवसापासून दृष्ट बंद. पाट उभा करून भिंतीला टेकवला. आणि निजताना हंसाने मालनचा हात आपल्या गळ्यावर ठेवला, किल्लीवर, आणि तिला शपथ घातली. मीठ तोंडात गेलं तर थुंकून टाकायचं. कुणी दिलं तरी, आजीने दिलं तरी, देवाने दिलं तरी. गिळलंस तर आई मरेल. मालनने विचारलं, लगेच मरेल? हंसा म्हणाली, लगेच. पोरीने मान हलवली. तिचे डोळे मोठे झाले होते आणि त्या डोळ्यांकडे बघून हंसाला बरं वाटलं. हे तिला स्पष्ट आठवतं, की बरं वाटलं.

मे महिना तापत गेला. पत्र्याच्या पडवीखाली दुपारी बसवत नव्हतं, केळीची पानं मध्यावर फाटून लोंबत होती. मालनच्या मानेवर घामोळं उठलं, तिचा सदरा दिवसातून अनेकदा पिळून काढावा लागे, आणि गोळीमुळे ती सारखी मोरीकडे जायची. एका सकाळी ती मोरीकडे जाताना मध्येच भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, पाय नाही ऐकत. दुपारी पोटऱ्यांत वांब, गोळे आले म्हणून रडली. हंसाने तेल लावून पाय चोळले. खेळायला बोलावलं तर नको म्हणाली, डोकं दुखतं म्हणाली, भात पुढे सारला, मग ओकली. हंसाला आश्चर्य वाटलं नाही. निकाल लागावा तसं वाटलं. म्हातारीने इतके दिवस चारलेलं विष आता बाहेर पडत होतं. तिने पोरीचं कपाळ पुसता पुसता तिथे ओठ टेकले, आणि घामाची चव जिभेवर आली. खारट. अजून इतकं शिल्लक आहे अंगात, असं तिला वाटलं. धुऊन काढलं पाहिजे सगळं. तिने एमिलीच्या विहिरीचं पाणी भांडं भरभरून पाजायला सुरुवात केली, उकळलेलं, गार केलेलं, गोड. मालन प्यायची, निमूट. पाणी पोटात डुचमळायचं. मग ती आणखी ओकायची आणि हंसा आणखी पाजायची.

वाट बघू नका, असं तो डॉक्टर म्हणाला होता, आणि हंसाला ते आठवत होतं. गळून गेली, उलट्या, झोपून राहायला लागली. हे तिन्ही शब्द घरात येऊन बसले होते, ओटीवर, पाहुण्यांसारखे, आणि ती त्यांच्या अंगावरून ये-जा करत होती. दाखवायला नेलं तर डॉक्टर विचारणार, पथ्यात काही चुकलं का. मग सांगावं लागणार की चुकलं, आमच्या घरात आमच्याच माणसाने चोरून मीठ चारलं, आणि मी, आई असून, महिना महिना मला ते कळलं नाही. मिठागरची पोर, आणि तिला मीठ कळलं नाही. त्यापेक्षा दोन दिवस थांबू, धुऊन निघेल. तिला बापाची आठवण यायची. मिठागरात पाणी आत घेताना बाप बोट बुडवून चाखायचा आणि पाणी किती पिकलं, किती खारं झालं, ते सांगायचा. फार पातळ असलं की नाक मुरडायचा. म्हणायचा, या पाण्यात काय नाय, मेलेलं पानी हाय हे. पातळ पाणी मेलेलं असतं, हे ती लहानपणी ऐकत आली होती, आणि आता मांडीवर पोर घेऊन बसलेली असताना ते वाक्य कुठून तरी यायचं, तिच्याभोवती घोटाळायचं, आणि ती त्याला माशीसारखं हाकलायची.

रखमाबाई पोरीच्या जवळ येत नव्हती. येऊ दिलं नव्हतं. ती ओटीवर बसून असायची, झाडूसाठी नारळाच्या झापांचे हीर काढत, आणि त्या दुपारी तिने बोलायला सुरुवात केली ती कुणाशीच नव्हे. समोर फक्त वाडी होती आणि मागे माजघरात हंसा होती. ‘माझ्या मालनला वैद्याने अळनी सांगितलं,’ ती म्हणाली. ‘मी अळनीच दिलं. एक दिवस चुकली नाय. सासू म्हनायची, थोडं दे, पोर मागते. मी नाय दिलं. शेवटाला ती लोनच्याच्या बरनीचा दट्ट्या नाकाशी धरून निजायची. गेली तवा तो तिच्या हातात होता.’ हीर ओरबाडल्याचा आवाज आला, मग पुन्हा बोलणं. ‘मना काय कळतं हृदयाचं. मरनारच होती तर मिठाचं खाऊन मेली असती, एवढंच.’ हंसाने हे सगळं ऐकलं आणि तिला दया आली नाही. तिला वाटलं, ही माझ्या पोरीचं मरण बोलून दाखवते आहे, ओटीवर बसून, दिवसाढवळ्या. ती उठून दार लावणार होती. तेवढ्यात मांडीवर मालनचा हात झटकला. एकदा, मग थांबून पुन्हा. डोळे उघडे होते आणि ते हंसाकडे होते, पण हंसावर थांबत नव्हते; तिच्यातून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर काहीतरी शोधत होते. हंसाने हाक मारली. पोरीने ‘ओ’ दिली, फार लांबून, विहिरीच्या तळातून द्यावी तशी.

डॉक्टर फ्रेडरिक वसई गावातून स्कूटरवरून आले. भालचंद्र मागे बसला होता, बॅग छातीशी धरून. डॉक्टर वयस्क, जाड भिंगांच्या चष्म्याचे, गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच पहिलं इंजेक्शन दिलेलं. त्यांनी नाडी धरली, पापण्या वर केल्या, पावलं दाबून बघितली. सूज नव्हती. जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. गोळी कोणती, किती, ते विचारलं. पाणी किती पिते, विचारलं. हंसाने सांगितलं, भरपूर, गोडं, उकळून. मग त्यांनी विचारलं की मीठ किती असतं जेवणात. हंसा या प्रश्नाचीच वाट बघत होती. तिने मान ताठ केली. म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली होती, तिच्या देखत सांगायचं होतं. ‘एक कण नाही, डॉक्टर,’ ती म्हणाली. ‘मी घरातच ठेवलं नाही. आधी या चोरून देत होत्या, रोज संध्याकाळी. मी पकडलं. तेव्हापासून एक कण नाही.’

डॉक्टरांचा हात पोरीच्या मनगटावर होता तो तिथेच राहिला. त्यांनी आधी रखमाबाईकडे पाहिलं आणि मग हंसाकडे. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘बाई, तुम्ही पकडलंत तेव्हापासून ही आजारी आहे.’ पुढचं त्यांनी भालचंद्रला सांगितलं, पण हंसाने ऐकलं. गोळी लघवीतून मीठ काढते, घाम मीठ काढतो, वरून नुसतं पाणी. रक्तातलं मीठ इतकं उतरलं की मेंदूला सूज येते, आता फिट येईल. तिला मिठाचं पाणी शिरेतून द्यायला हवं. स्कूटर घे, दवाखान्यातून सलाईनच्या बाटल्या आण, कंपाउंडरला आण, आणि येताना गाडी बघ, मोठ्या दवाखान्यात हलवायचं आहे. भालचंद्र पळाला. तोवर ती गिळते आहे, डॉक्टर म्हणाले, गिळते आहे तोवर पेजेत मीठ घालून थेंब थेंब द्या. मीठ आणा.

घरातलं सगळं मीठ ट्रंकेत होतं. किल्ली काढताना मंगळसूत्राचा गुंता झाला. हंसाने तो सोडवला नाही, ओढला, काळे मणी जमिनीवर उडाले. झाकण उघडल्यावर खारट, ओला वास आला. मिठाला पाणी सुटलं होतं. बरणीच्या बुडातून ते झिरपून खालच्या शालूत गेलं होतं, तिच्या लग्नाच्या, आणि जरीवर हिरवट डाग पडले होते. ती बरणी घेऊन धावली. पेजेत खडे विरघळवले, चमचा मालनच्या ओठांशी नेला. पोरीने तोंड उघडलं. पेज जिभेवर गेली, आणि पोरीच्या चेहऱ्यावर कुठून तरी, तळातून, काहीतरी जागं झालं. तिने ती थुंकून टाकली. ‘खारट,’ ती म्हणाली. हंसाने पुन्हा चमचा भरला. पोरीने दात मिटले. दातांतून, झोपेत बोलावं तसं, म्हणाली, ‘आई मरेल.’ हंसा म्हणाली, नाही मरत, आई खोटं बोलली होती, गिळ, माझ्या सोन्या, गिळ. दात उघडले नाहीत. डॉक्टरांनी गाल दाबून पाहिला, पेज कडेने मानेवर ओघळली. हात पुन्हा झटकला. मालन तिच्याकडे बघत होती, म्हणजे डोळे तिच्याकडे होते, आणि त्या डोळ्यांत हंसाला आपली शपथ जशीच्या तशी दिसली. कुणी दिलं तरी, देवाने दिलं तरी. किती नीट शिकली होती पोर.

रखमाबाई आत येऊन चटईवर टेकली. तिने हंसाला बाजूला हो म्हटलं नाही, नुसती बसली, आणि हंसा सरकली. ‘ती तुझ्यापुढं नाय खायची,’ म्हातारी म्हणाली. आवाजात माफी नव्हती आणि विजयही नव्हता, जुना राग होता तेवढाच होता. ‘दाराआड हो.’ डॉक्टर मागे सरकले. हंसा उठली. बरणी पोटाशी धरून ती दाराच्या मागे गेली आणि त्या संध्याकाळी जशी उभी होती तशीच उभी राहिली, पाठ भिंतीला, डोळा फटीला. आतून म्हातारीचं पुटपुटणं आलं, आल्यागेल्याची, भुताखेताची. मग हलक्या आवाजात, ‘आई गेली विहिरीवर. नाय कळायचं तिला. ये, आपलं गुपित.’ आणि दाराच्या कडेने एक हात बाहेर आला, सुरकुतलेला, तळवा वर. अंगठा ओला होता.

हंसाने इकडेतिकडे पाहिलं. पाट दूर होता, भिंतीला टेकवलेला. तिने बरणीत हात घातला, ओलं मीठ मुठीत घेतलं आणि सासूच्या तळव्यावर ठेवलं, हातावर हात. हात आत गेला. थोडा वेळ काहीच आलं नाही. वाडीत कुणाचा तरी पंप चालू होता तेवढाच आवाज. मग चोखल्याचा आवाज आला, बारीक, थांबत थांबत, आणि म्हातारीचं ‘हां, हां.’ हंसा श्वास धरून उभी होती, आपण विहिरीवर गेलो आहोत हे खरं वाटावं म्हणून पायाचं बोटसुद्धा हलवत नव्हती. हात पुन्हा बाहेर आला, रिकामा. तिने पुन्हा मीठ दिलं.